लासलगाव ते आझादपूर : कांद्याच्या भावाच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

प्रस्ताव मंजूर झाला. दोन प्रश्न आहेत. लासलगावचा कांद्याचा भाव दिल्लीच्या आझादपूर मंडीला ओढतो की आझादपूर लासलगावला? आणि जानेवारी २०१५ ते डिसेंबर २०२४ या दहा वर्षांत हे नातं एकसारखं राहिलं का?

मी प्रश्न याच क्रमाने लिहिले होते. सरांनी पेनाने बाण काढून क्रम उलटा केला. "नातं टिकून आहे का ते आधी बघ. मध्येच तुटलेल्या दोरीला कोण ओढतंय असं विचारून काय मिळणार?"

संध्याकाळी मामाला फोन. तो निफाड तालुक्यात कांदा करतो, कांदा साठवायच्या दोन चाळी आहेत. प्रकल्प काय ते सांगितलं. तो म्हणाला, "पोरी, दोघांनाही ओढणारा तिसराच आहे. बसतो दिल्लीतच, पण आझादपूरला नाही." सहा महिन्यांच्या कामाचा निष्कर्ष पहिल्याच दिवशी फुकटात मिळाला म्हणून हसले. तरी नोंद करून ठेवते.

५ जून

कांद्याला हात लावायच्या आधी कोड तपासून घेतला. ज्यांची उत्तरं सगळ्यांना माहीत आहेत असे दोन जुने डेटासंच घेतले.

पहिला नाईल नदीचा. अस्वानजवळचा वार्षिक प्रवाह, १८७१ ते १९७०, म्हणजे शंभर आकडे. सरासरी कुठे बदलली ते शोधायचं. आर या संगणकभाषेतल्या स्ट्रकचेंज पॅकेजने २८व्या निरीक्षणावर बोट ठेवलं : १८९८. त्या वर्षापर्यंतची सरासरी १०९८च्या आसपास, नंतरची ८५० (एकक दहा कोटी घनमीटर). विश्वासपट्टा (खरं वर्ष ज्यात असण्याची दाट शक्यता) १८९५ ते १९०२. अस्वानच्या जुन्या धरणाचं काम याच काळातलं आहे, १९०२ला ते पुरं झालं. कोडला धरणाबद्दल काही सांगितलेलं नव्हतं, तरी त्याने बरोबर जागा धरली, याचा आनंद झाला.

दुसरा कोंबडी आणि अंड्यांचा. थट्टा वाटेल, पण थर्मन आणि फिशर यांचा १९८८चा खराखुरा शोधनिबंध आहे. अमेरिकेतल्या कोंबड्यांची संख्या आणि अंड्यांचं उत्पादन, १९३० ते १९८३. तीन लॅग (मागच्या तीन वर्षांचे आकडे) घेऊन ग्रेंजर कसोटी लावली. कोंबड्यांच्या मागच्या आकड्यांनी अंड्यांचा अंदाज सुधारतो का? एफ ०.५९, पी-मूल्य (निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसायची शक्यता) ०.६२, म्हणजे नाही. उलट दिशेने एफ ५.४, पी-मूल्य ०.००३. म्हणजे आधी अंडं. माझे आकडे पॅकेजच्या उदाहरणाशी जुळले. कोड ठीक आहे.

९ जून

डेटा उतरवला. अ‍ॅगमार्कनेट (केंद्राचं बाजारभावांचं संकेतस्थळ) आणि पणन मंडळ, दोन्हीकडून. किमान, कमाल, सर्वसाधारण दर आणि आवक. सर्वसाधारण दर धरणार, क्विंटलला रुपये, वर लॉगरिदम. दोन्ही बाजारांच्या नावामागे कुठे ना कुठे 'आशियातली सर्वांत मोठी' हे शब्द लागलेले दिसले. असो.

गहाळ दिवस बरेच आहेत. रविवार दोन्हीकडे, सण आपापले. लासलगावला त्याशिवाय अमावास्या : त्या दिवशी कांद्याचे लिलाव बंद ठेवायची जुनी प्रथा होती. म्हणजे माझ्या स्तंभातली भोकं चंद्राच्या कलेप्रमाणे पडली आहेत. सांख्यिकीच्या पुस्तकात गहाळ आकड्यांचे प्रकार दिलेले असतात, त्यात हा नाही.

तूर्त गहाळ दिवशी आदल्या दिवसाचा भाव पुढे ओढून घेतला. सगळेच करतात.

१२ जून

राजपत्रातल्या तारखांची यादी. कसोटी लावण्याआधी लिहून ठेवतेय, म्हणजे पुढे आलेख बघून तारीख निवडल्याचा आरोप माझ्यावर मलाच करता येणार नाही.

२९ सप्टेंबर २०१९ला निर्यातबंदी, १५ मार्च २०२० पासून उठली. दहा दिवसांत टाळेबंदी. १४ सप्टेंबर २०२०ला पुन्हा बंदी, १ जानेवारी २०२१ला उठली. १९ ऑगस्ट २०२३ला ४० टक्के निर्यातशुल्क. त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य. ८ डिसेंबर २०२३ पासून बंदी, आधी ३१ मार्चपर्यंत, मग वाढवलेली. ४ मे २०२४ला बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. १३ सप्टेंबर २०२४ला किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. ते २० टक्केही यंदा १ एप्रिलला गेलं, पण माझा डेटा त्याआधी संपतो.

बाजार समितीशी संबंधित एक तारीखही घेतली : जुलै २०१६, महाराष्ट्रात फळं-भाज्या नियमनातून बाहेर काढल्या. आणि ८ नोव्हेंबर २०१६, नोटाबंदी.

१८ जून

दोन्ही मालिका पातळीवर (फरक न घेता, थेट भावांत) अस्थिर, म्हणजे ठरावीक सरासरीकडे न परतणाऱ्या, हे नुसतं बघूनही कळतं. तरीही नुसत्या पातळीवर रिग्रेशन (एका भावावरून दुसऱ्याचा अंदाज) चालवून पाहिलं : आर-वर्ग, म्हणजे जुळणीचं माप, झकास, टी-मूल्य डोळे दिपवणारं. याच मोहाबद्दल ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४मध्ये इशारा दिला होता. एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन यादृच्छिक चाली (प्रत्येक पाऊल नशिबावर) घेतल्या, पन्नास-पन्नास निरीक्षणांच्या, आणि रिग्रेशन केलं. शंभरातल्या जवळपास तीन चतुर्थांश वेळा नेहमीच्या टी-कसोटीने 'संबंध आहे' असं ठणकावून सांगितलं.

मग एकक-मूळ कसोटी, म्हणजे मालिका अशी भटकी आहे का ते तपासणारी. इथेच स्थिरतेचा प्रश्न पहिल्यांदा आडवा येतो. पेरॉनने १९८९मध्ये दाखवलं की मालिकेत एखादा मोठा धक्का असेल आणि तो हिशोबात धरला नाही, तर त्यातली साधी डिकी-फुलर कसोटी स्थिर मालिकेलाही अस्थिर म्हणते. नेल्सन आणि प्लॉसर यांच्या चौदा अमेरिकी मालिका त्याने पुन्हा तपासल्या. १९२९ची मंदी ज्ञात धरल्यावर अकरा मालिकांत निष्कर्ष उलटला. १९९२मध्ये झिवॉट आणि अँड्र्यूज यांनी विचारलं, की हे वर्ष आलेख बघूनच निवडलंत ना? मग त्याची किंमत मोजा. तुटीची, म्हणजे मालिका जिथे बदलते ती, जागा कसोटीनेच शोधायची असेल तर ५ टक्क्यांचा उंबरठा उणे ३.७६च्या आसपासवरून उणे ४.८०वर जातो. नव्या उंबरठ्यावर पेरॉनचे काही निष्कर्ष टिकले, काही पडले.

सगळी भांडणं शेवटी याच एका प्रश्नावर येतात असं दिसतंय : तारीख तुला आधी माहीत होती, की आकडे बघून सुचली?

२४ जून

आज हा प्रश्न माझ्यावरच आला.

चाउ कसोटी लावली (ग्रेगरी चाउ, १९६०). नमुना एका तारखेला कापायचा, दोन्ही तुकड्यांवर वेगळं रिग्रेशन, आणि वेगळेपणामुळे चूक पुरेशी कमी होते का ते एफने बघायचं. १४ सप्टेंबर २०२०ला कापलं, नकार आला, म्हणजे 'नातं बदललं नाही' हे म्हणणं कसोटीने नाकारलं. २९ सप्टेंबर २०१९, नकार. ८ डिसेंबर २०२३, नकार. उत्साहात सरांकडे गेले.

सर : "यादीत नसलेली एखादी तारीख घे. कुठलीही."

१ फेब्रुवारी २०१८ घेतली. त्या दिवशी कांद्याचं काही विशेष घडलेलं मला ठाऊक नाही. नकार.

म्हणजे कसोटी सगळ्यालाच नकार देतेय. कारण दोन असावीत. एक, चाउला दोन्ही तुकड्यांत प्रसरण (आकड्यांचा विखुरलेपणा) सारखं लागतं. कांद्याचं प्रसरण बंदीच्या काळात उफाळतं आणि उन्हाळ कांद्याची आवक जोरात असते तेव्हा मान टाकतं. दोन, खरी तूट दुसरीकडे कुठेतरी असेल, तर तिच्या आजूबाजूला कुठेही कापलं तरी फरक दिसणारच.

संध्याकाळी अनुकरण लिहिलं, म्हणजे संगणकाने बनवलेल्या आकड्यांवर प्रयोग. मालिकेत तूट अजिबात ठेवली नाही. मधल्या ७० टक्के भागात प्रत्येक दिवशी कापून सगळ्यांत मोठा एफ घ्यायचा आणि त्याची तुलना नेहमीच्या तक्त्याशी, म्हणजे एका गुणकासाठी ३.८४शी करायची. पाच टक्के धावांत खोटा गजर व्हायला हवा. झाला पाचातल्या दोन धावांत. योग्य उंबरठा अँड्र्यूजने १९९३मध्ये काढून दिला आहे : ८.८५. दुपटीहून जास्त. आलेख बघून तारीख निवडायची फी ही एवढी आहे.

सगळ्यांत मोठा एफ घ्यायची मूळ कल्पना क्वांटची, १९६०ची, चाउच्याच वर्षाची. पण या मोठ्यात मोठ्या एफचं वितरण काय, हे त्या वेळी कुणाला सांगता येईना, म्हणून ती तीसेक वर्षं पडून राहिली. बिचारा.

१ जुलै

आता प्रसरणातला फरक धरणारी चाउ आणि सगळ्यांत मोठा एफ, दोन्ही नीट चालतात. एका वर्षाच्या तुकड्यावर चालवलं तर तूट नोव्हेंबरात. दुसऱ्या वर्षावर, नोव्हेंबरअखेर. तिसऱ्यावरही तिथेच. दरवर्षी नोव्हेंबरात नातं बदलतं! दिवाळी? अलवारच्या कांद्याची दिल्लीतली आवक? दोन पानं लिहूनही काढली.

मग मूळ फाइल उघडली. लासलगावला नोव्हेंबरच्या सुमारास एकाच तारखेच्या दोन ओळी आहेत, एक 'उन्हाळी' आणि एक 'लाल'. चाळीतला जुना कांदा संपत आलेला, शेतातून नवा लाल सुरू झालेला. माझा कोड एका तारखेची एकच ओळ ठेवतो, शेवटची. म्हणजे ज्या दिवशी लाल कांदा पहिल्यांदा आला, त्या दिवशी माझ्या मालिकेने जात बदलली. कसोटीने तूट अगदी अचूक पकडली, फक्त ती बाजारातली नव्हती, माझ्या स्तंभातली होती.

मामाला सांगितलं. "म्हणजे तू चाळीतला कांदा आणि ओला कांदा एकाच गोणीत भरलास?" हो मामा.

उपाय : दोन्ही जाती असलेल्या दिवसांत आवकेनुसार भारित सरासरी, आणि बदलाच्या आठवड्यांसाठी वेगळा निर्देशक (हो-नाही सांगणारा १-०चा स्तंभ). अलवारची गोष्ट मात्र खरी आहे, ती टाकून देत नाही. त्या महिन्यांत दिल्लीला राजस्थानचा कांदा जवळून मिळतो, आणि नाशिकचा हजाराहून अधिक किलोमीटरवरून जातो. तेव्हा ऋतूप्रमाणे गुणक बदलू द्यायला हवेत. तो ऋतुबदल आहे, त्याला तूट म्हणायचं नाही.

७ जुलै

क्युसम. ब्राउन, डर्बिन आणि इव्हान्स, १९७५. नमुना एकेक दिवसाने वाढवत न्यायचा, पुढच्या दिवसाच्या अंदाजातली चूक मोजायची आणि बेरीज करत जायची. नातं स्थिर असेल तर बेरीज शून्याभोवती भटकते. ५ टक्क्यांच्या सीमारेषा सुरुवातीला ०.९४८ गुणिले निरीक्षणांचं वर्गमूळ, शेवटी त्याच्या तिप्पट. चित्र देखणं असतं. सादरीकरणात सगळ्यांना आवडेल.

पण माझ्या क्युसमची रेघ सीमेच्या आतच राहिली, आणि चुकांच्या वर्गांची बेरीज मात्र सीमा तोडून गेली. म्हणजे सरासरी नातं फारसं सरकलेलं दिसत नाही, अस्थिरपणा वाढलाय-कमी झालाय. शिवाय नमुन्याच्या शेवटाकडची तूट साध्या क्युसमला सहसा दिसत नाही, बेरीज वळायला वेळच उरत नाही. २०२३-२४ नेमकं शेवटी आहे. 'स्थिर' असं लिहिणार नाही.

मग जुशान बाई आणि पेरॉन (१९९८, २००३) : एकापेक्षा जास्त तुटी, जागा अज्ञात. इथे एक हिशोब आधीच करायला हवा होता. पद्धतीला प्रत्येक तुकडा नमुन्याच्या किमान काही टक्के लांब लागतो, नेहमी १५ टक्के ठेवतात. दहा वर्षांचे १५ टक्के म्हणजे दीड वर्ष. माझ्या तीन बंद्या किती टिकल्या? साडेपाच महिने, साडेतीन महिने, जेमतेम पाच महिने. ज्या गोष्टीसाठी हे सगळं चाललंय ती या जाळ्याच्या भोकांतून सरळ निसटते! ५ टक्क्यांवर आणलं तरी सहा महिने, तरीही एकही बंदी बसत नाही. त्याहून खाली नेलं तर उंबरठे चढत जातात आणि तुकड्यातले आकडे अपुरे पडतात.

तेव्हा बंदीच्या काळासाठी आधी लिहिलेल्या तारखाच वापरायच्या. १२ जूनची यादी कामाला आली.

१५ जुलै

दिशेकडे वळते. ग्रेंजर कसोटी, १९६९ची. लासलगावचा उद्याचा भाव सांगताना लासलगावचा सगळा इतिहास हातात असूनही दिल्लीचा कालचा-परवाचा भाव जोडल्याने अंदाज सुधारतो का? सुधारला तर दिल्ली लासलगावचं 'ग्रेंजर-कारण'. शब्द मोठा आहे, मजकूर एवढाच.

पातळीवरच्या मालिका एकक-मुळाच्या असतील तर नेहमीची वॉल्ड कसोटी (गुणक शून्य आहेत का ते बघणारी) नेहमीच्या तक्त्याला जुमानत नाही. फरक घ्यावा तर दोन बाजारांमधला दीर्घकालीन समतोल हरवतो. टोडा आणि यामामोटो यांची १९९५ची वाट मला आवडते : लागतील तेवढे लॅग ठरवायचे, वर एक जादा लॅग घालायचा, आणि कसोटी लावताना त्या जादा लॅगकडे बघायचंच नाही. मालिकेचा हट्टीपणा तो जादा लॅग पोटात घेतो, आधीच्या गुणकांची कसोटी शहाण्यासारखी वागते. थोडी ताकद वाया जाते. आपल्याकडे अडीच-तीन हजार दिवस आहेत, परवडतं.

२२ जुलै

छोटी नोंद. अहवालात मी लिहिलं होतं, 'मॉडेल स्थिर आहे, सर्व मुळं एकक वर्तुळाच्या आत'. सरांनी लाल केलं. ही वेगळी स्थिरता : धक्का बसल्यावर व्हीएआर (दोन्ही भाव एकमेकांच्या मागच्या भावांवर मांडणारं माझं मॉडेल) हळूहळू शांत होतं, एवढाच तिचा अर्थ. गुणक दहा वर्षं तेच राहिले का, याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. मराठीत दोन्हींना स्थिरता म्हणायची पंचाईत आहे. पुढे दुसरीला 'गुणकांचं टिकणं' लिहीन.

२९ जुलै

निकाल! आझादपूरकडून लासलगावकडे जबरदस्त कार्यकारण. पी-मूल्यात दशांश चिन्हानंतर शून्यंच शून्यं. उलट दिशा फिकी. शीर्षकही सुचलं.

मामाला फोनवर वाचून दाखवलं. तो गप्पच. मग म्हणाला, "दिल्लीचा भाव सकाळी मोबाइलवर येतो खरा. पण आपला भाव फुटला की तोही तिकडे तासाभरात जातोच की."

१ ऑगस्ट

शीर्षक खोडलं.

जास्तीत जास्त परिणाम कुठल्या दिवसांमुळे येतोय ते शोधायला अवशेष (मॉडेलच्या अंदाजातल्या चुका) उतरत्या क्रमाने लावले. वरचा एक दिवस ऑक्टोबर २०२३च्या सुरुवातीचा निघाला. तेव्हा काय झालं? नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांचा बंद उठला. ४० टक्के शुल्काच्या निषेधात २० सप्टेंबरपासून लिलाव बंद होते. आणि त्या सगळ्या दिवसांत माझ्या स्तंभात काय होतं? आदल्या दिवसाचा भाव, पुढे ओढलेला. ९ जूनची ती 'सगळेच करतात' ओळ!

काय घडतं ते आता स्वच्छ दिसतंय. लासलगाव बंद, माझ्या फाइलमधला भाव गोठलेला. दिल्ली रोज हलतेय. लिलाव सुरू होतात त्या दिवशी लासलगाव एका उडीत साचलेलं सगळं अंतर कापतं. कसोटीला दिसतं ते असं : दिल्ली आधी हलली, लासलगाव मागाहून. म्हणून दिल्ली कारण. खरं तर लासलगावचा भाव त्या दिवसांत कुणी बोललंच नव्हतं. आणि बंद एकदाच नाही. लिलाव बंद असलेली प्रत्येक अमावास्या हेच छोट्या प्रमाणात करते.

खात्रीसाठी अनुकरण. दोन बाजार, दोघांना एकच बातमी एकाच दिवशी कळते, वर प्रत्येकाची थोडी स्वतःची चुळबुळ. कुणीही कुणाला ओढत नाही. तीन हजार दिवस. मग एका बाजाराचे दहातला एक दिवस याप्रमाणे भाव गोठवले. ग्रेंजर कसोटीने जवळजवळ प्रत्येक धावेत उघडा बाजार बंद बाजाराचं कारण ठरवला.

दोन महिन्यांपूर्वी पाच सेकंदांत लिहिलेल्या एका ओळीने दोन मंड्यांमधलं कार्यकारण निर्माण केलं. हे मी छापायला निघाले होते.

५ ऑगस्ट

दुरुस्ती : भरणी काढून टाकली. दोन्ही बाजार उघडे असलेलेच दिवस धरले, आणि मध्ये खंड असेल तिथे लॅग तोडला. नमुना लहान झाला. दिल्लीकडून येणारी दिशा पूर्ण गेली नाही, पण तिचा तो तोरा उतरला. उलट दिशा आता तेवढीच दिसते. म्हणजे दोन्हीकडून थोडं थोडं.

८ ऑगस्ट

गहाळ दिवसांचा त्रास टाळायला आठवड्याची सरासरी घ्यावी असं वाटलं. करायच्या आधी शोधलं, बरं झालं. होलब्रुक वर्किंगने १९६०मध्ये दाखवलं आहे : निखळ यादृच्छिक चालीची काळाच्या तुकड्यांवर सरासरी काढली, तर सरासऱ्यांच्या लागोपाठच्या फरकांत ०.२५च्या जवळपास स्वसहसंबंध (आपल्याच मागच्या आकड्याशी संबंध) आपोआप येतो. मुळात काहीच नसताना. आणि एका बाजाराची सरासरी, दुसऱ्याचा शनिवारचा भाव असं झालं, तर शनिवारवाला 'पुढारी' ठरणार हे नक्की. मोह सोडला.

गंमत म्हणजे हा वर्किंग कांद्याचाच माणूस. अमेरिकेत कांद्याच्या वायद्यांवर शेतकऱ्यांचा एवढा राग होता की १९५८मध्ये कायदा करून ते बंद केले, आणि ती बंदी आजही आहे. वायद्यांमुळे भाव जास्त हेलकावे खातात की कमी, याचा आकड्यांनी शोध घेणाऱ्यांत वर्किंग होता. त्याला हेलकावे वायद्यांच्या काळात कमी दिसले. सरकारी बंदीच्या अलीकडे-पलीकडे कांद्याचा भाव ठेवून बघणं, हे काम साठ-पासष्ट वर्षं जुनं आहे तर!

१३ ऑगस्ट

सहा बाजार घेऊन सगळ्या जोड्या तपासाव्यात अशी सूचना चर्चेत आली : लासलगाव, पिंपळगाव, पुणे, सोलापूर, वाशी, आझादपूर. दिशा धरून तीस कसोट्या. काहीच नातं नसलं तरी ५ टक्क्यांवर दीड 'शोध' पदरात पडणार. शिवाय लासलगाव आणि पिंपळगाव एकाच तालुक्यात, एकाच दिवशी लिलाव. तिथे कोण पुढे हे दैनिक आकड्यांत दिसणं शक्य नाही. दिसलंच तर कोणाच्या कारकुनाने आकडा आधी चढवला तेवढं दिसेल. नम्रपणे नाही म्हटलं.

२५ ऑगस्ट

पोळ्याला मामाकडे होते. अमावास्या असल्याने माझ्या डेटातल्या भोकात प्रत्यक्ष बसून पुरणपोळी खाल्ली.

मामेभावाला ग्रेंजर कसोटी समजावताना उदाहरण सुचलं. शिंगांना लावायचा रंग, गोंडे, झुली दुकानात येतात, आठवड्याने पोळा येतो. दरवर्षी, न चुकता. कसोटीच्या मते रंगामुळे पोळा येतो. तो म्हणाला, "मग रंगावर बंदी घातली तर पोळा होणार नाही?" कार्यकारणाची हीच खरी परीक्षा आहे : हात घालून एक गोष्ट बदलली तर दुसरी बदलते का? माझी कसोटी तो प्रश्न विचारतच नाही.

मामा जेवताना जे बोलला ते जास्त महत्त्वाचं होतं. भाव चढायला लागला की गावात चर्चा सुरू होते, आता बंदी येणार. ज्याला पैशांची निकड आहे तो चाळ फोडून माल काढतो. अधिसूचना निघेपर्यंत बाजार निम्मा पडलेला असतो.

हे ऐकल्यावर माझ्या सगळ्या निर्देशक-स्तंभांकडे नव्याने बघावं लागेल. मी धरून चाललेय की बंदी बाहेरून येते आणि भावावर आदळते. पण बंदी येतेच मुळी भाव चढल्यामुळे, आणि लोक ती येण्याआधीच तिला उत्तर देतात. म्हणजे तिसरा दोघांना ओढतो हे खरं, पण दोघांचा भावही त्याला ओढतो. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट लुकासने १९७६मध्ये हेच म्हटलं होतं : धोरण बदललं की लोकांचे अंदाज बदलतात, अंदाज बदलले की गुणक बदलतात, मग जुन्या गुणकांवर नव्या धोरणाचा हिशोब करता येत नाही. ते वाक्य मी परीक्षेत पाठ करून लिहिलं होतं. चाळीच्या सावलीत ऐकल्यावर कळलं.

३ सप्टेंबर

सरांशी दोन तास. ठरलं ते असं. अधिसूचनेच्या तारखेऐवजी तिच्या आधीचे चार आठवडे वेगळे काढायचे. त्यांत नातं सरकलं का ते बघायचं. बंदीचे तीन काळ एकत्र करून एक तुकडा, बाकी दिवसांचा दुसरा. आकडे तरीही कमीच पडतील आणि नकार आला नाही तर त्याचा अर्थ 'बदल नाही' असा होत नाही, हे अहवालात स्पष्ट लिहायचं. सर म्हणाले, "या एका वाक्यासाठी पुढच्या दहा जणांनी तुझे आभार मानायला हवेत. मानणार नाहीत."

९ सप्टेंबर

चालवलं. बंदीचा तुकडा आणि बाकीचा तुकडा यांचे गुणक वेगळे आहेत, आधी लिहून ठेवलेल्या तारखांवर, प्रसरणाची दखल घेऊनही. अधिसूचनेआधीच्या चार आठवड्यांत काही ठाम सांगता येत नाही : विश्वासपट्टे इतके रुंद की त्यातून ट्रॅक्टर जाईल.

दिशेबद्दल अहवालातलं वाक्य चौथ्यांदा लिहिलं. आधीचं : 'आझादपूरचा भाव लासलगावचा भाव ठरवतो.' आताचं : 'दोन्ही बाजार उघडे असलेल्या दिवसांत प्रत्येकाच्या मागील भावामुळे दुसऱ्याचा अंदाज थोडा सुधारतो, आणि हे नातं निर्यातबंदीच्या काळात व अन्य काळात सारखं नाही.' लांब आहे. मथळा होणार नाही.

११ सप्टेंबर

एक राहिलंय. गहाळ दिवसांपैकी काही ना रविवार, ना सण, ना अमावास्या, ना बंद. लिलाव झाले आणि नोंद चढली नाही, की लिलावच झाले नाहीत? संगणकावरून कळायला मार्ग नाही. मामा म्हणतो त्याच्याकडे २०१६पासूनच्या हिशोबपट्ट्या पिशवीत बांधून ठेवलेल्या आहेत, त्यावर तारीख आणि मिळालेला भाव असतो. सोमवारी सकाळच्या बसने निफाड. एकशे बारा तारखांची यादी छापून घेतली.